टाकी पुन्हा भरली

दिघीच्या बंगल्यातली सेप्टिक टाकी दिवाळीत उपसली होती. संक्रांतीला ती पुन्हा तुंबली.

"वरचा भाडेकरू सनीच करतोय हे," घरमालक ज्योतीराम म्हणाले. "भोसरीला प्लेटिंगच्या कंपनीत हाय. तिथलं ॲसिड आणून ओततोय. तुमी पुरावा द्या, आजच खोली रिकामी करायला लावतो."

खासगी डिटेक्टिव्ह जयमाला कांबळे यांनी टाकीचं झाकण काढायला लावलं. मैला जसाच्या तसा तरंगत होता.

"मैला खाणारे जिवाणू मेलेत. टाकीत रोज काहीतरी जहाल जातंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे सनीच," त्यांचा सहायक दिग्विजय नाक दाबून म्हणाला. त्याचा तपास नेहमीच असा झटपट संपतो.

वर सनीची बायको रुपाली भांडी पोत्यात भरत होती. तिला आठवा महिना लागला होता.

"आमी काहीच ओतलं नाही, मॅडम. अशा दिवसांत नवी खोली कुठं शोधायची?"

जयमालांनी तिचा संडास पाहिला. भांड्यावर जुने पिवळे डाग होते.

खाली ज्योतीरामांच्या बायकोने, कुसुमताईंनी, चहा दिला. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. भिंतीवर एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता.

"आमचा आयुष. गणपतीत गेला. रक्ताच्या उलट्या झाल्या, आतल्या बाथरूममध्येच पडला," ज्योतीरामांनी पत्ता सांगावा तसं सांगितलं. "तवापासून मी बाहेरचा संडास वापरतो."

जयमाला त्या बाथरूममध्ये हात धुऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"सनी नाही. ॲसिड ओतलं असतं तर त्याच्या भांड्यावर डाग राहिले नसते. तुमच्या बाथरूमची फरशी मात्र लख्ख आहे. सांध्यांतलं सिमेंट झिजलंय, नळ काळा पडलाय. तुम्ही तिथे जात नाही, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. जाणारं माणूस एकच, आणि त्यांची बोटं सोललीत."

दिग्विजयने कप खाली ठेवला.

"रोज ॲसिडनं धुते," कुसुमताई म्हणाल्या. "रक्ताचा वास जातच न्हाई."

"मी त्यांना घराबाहेर काढत हुतो. तू बोलली न्हाईस?"

"पोटुशी पोर सामान बांधताना बघितली मी. वाईट वाटायला पायजे हुतं. कायच वाटलं न्हाई."

ज्योतीरामांनी तिच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं.

"मलाबी न्हाई वाटलं," ते म्हणाले, आणि रुपालीला बांधलेलं सामान सोडायला सांगायला वर गेले.