दारापासून खाटेपर्यंत

घरात दोघीच बहिणी, आणि त्यातली धाकटी बावन्न वर्षांची झाली तरी धाकटीच. दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिण्यात तिची तीस वर्षं गेली होती. ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने दोन महिन्यांची रजा टाकली आणि ती दिवसभर ताईच्या खाटेभोवती अशी घुटमळू लागली, की आजारापेक्षा औषध जड अशी ताईची अवस्था झाली. शेवटी ताईने कपाटातला आपला जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा हा शिकून ये, म्हणाली. त्याचा फ्लॅश कधीच निकामी झाला होता, बाकी कॅमेरा ठणठणीत होता.

कोपऱ्यावरचे स्टुडिओवाले काका रविवारी सकाळी चार-पाच जणांना शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या कॅमेऱ्याची चकती ऑटोवरून काढून मॅन्युअलवर आणली. ऑटोवर त्यांचा भारी राग. ऑटो म्हणजे साहेबापुढे हांजी हांजी करणारा कारकून, असं ते म्हणत. खोलीत काळोख असला तरी हा आतल्या आत सारवासारव करतो आणि वर उजेडच उजेड दाखवतो. मग त्यांनी प्रत्येकाला उजेड मोजायला एक राखाडी पुठ्ठा दिला आणि गृहपाठ सांगितला. एक खोली, एक वेळ, सहा दिवस, आणि सेटिंग एकच: ॲपर्चर आठ, शटर साठ, आयएसओ चारशे. उजेड बदलला तर फोटो बदलेल, तुम्ही काही बदलायचं नाही.

धाकटीने ताईचीच खोली निवडली. दुसरीकडे तिचं लक्ष लागलं नसतं. खोलीच्या एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला मोठी खिडकी, खिडकीशी ताईची खाट आणि दार-खाटेच्या मध्ये कपाट. त्या खिडकीतून ऊन कधी येत नसे, पण दिवसभर सारखा, शांत उजेड असे. समोरच्या कोपऱ्यात तिने स्टँड लावला, त्याच्या पायांपाशी खडूने खुणा केल्या आणि सोमवारी बरोबर अकरा वाजता पहिला फोटो काढला. ताई पेपरातलं कोडं सोडवत होती. फोटो चांगला आला.

मंगळवारच्या फोटोत दाराजवळ थोडा अंधार होता. ढग आले असतील, असं म्हणून तिने सोडून दिलं.

बुधवारी दार स्वच्छ दिसत होतं. अंधार कपाटापाशी होता.

गुरुवारी तो कपाट ओलांडून खाटेच्या बाजूला आला, शुक्रवारी खाटेपुढच्या सतरंजीवर. दोन्ही दिवस आभाळ निरभ्र होतं. धाकटीने सतरंजीकडे नुसत्या डोळ्यांनी निरखून पाहिलं, तर तिथे काही नव्हतं. सतरंजीची निळी किनार नेहमीसारखीच निळी होती. तिने काकांना फोन केला. काका हसले. डोळ्यांवर विसंबू नकोस, म्हणाले, डोळाही ऑटोच असतो, अंधार झाला की बाहुली मोठी करतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. पुठ्ठा धर आणि कॅमेऱ्यातलं मीटर बघ, उजेड पुरेसा असला की काटा मधोमध, अंधार असला की डावीकडे, काटा खोटं बोलत नाही.

शनिवारी अकराचा फोटो झाल्यावर तिने कॅमेरा स्टँडवरून काढला. एका हातात पुठ्ठा, दुसऱ्यात कॅमेरा, अशी ती खोलीभर फिरली. दारापाशी काटा मधोमध. कपाटापाशी मधोमध. सतरंजीवरही मधोमध. ताई चष्म्यावरून बघत म्हणाली, की भिंतींचा ताप मोजतेस की काय. धाकटीही हसली आणि खाटेच्या पायथ्याशी तिने पुठ्ठा धरला.

काटा पार डावीकडे जाऊन टेकला.

तिने पुठ्ठा वर नेला. काटा तसाच. आणखी वर, हात उंच करून डोक्याच्याही वर नेला, तेव्हा कुठे तो मध्ये आला. पुठ्ठा पुन्हा खाली आणून डावीकडे वीतभर सरकवला, काटा मध्ये आला. उजवीकडे सरकवला, आला. पुन्हा मध्ये धरला, आणि काटा पडला. माणसाला उभं राहायला लागते तेवढीच ती जागा होती. तिथे हवा जरा गार होती, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेचा असतो तसा वास होता... बाकी काहीच नाही. धाकटी पाठमोरी न होता, पाऊल पाऊल मागे सरकत कोपऱ्यातल्या स्टँडपर्यंत गेली.

ताईचं डोकं पुन्हा पेपरात होतं.

"बाजूला हो ना गं जरा," ती मान वर न करताच म्हणाली. "उजेड अडतोय."

"ताई... मी इकडे आहे. कोपऱ्यात."

ताईने मान वर केली. आधी कोपऱ्याकडे पाहिलं, मग खाटेच्या पायथ्याकडे, आणि पेपर थोडा खिडकीकडे कलता केला.

"मग ढग असेल," ती म्हणाली.

रविवारी वर्ग सुटल्यावर सगळे गेले, तेव्हा धाकटीने सहाही फोटो काकांच्या टेबलावर ओळीने मांडले. काका हसतच वाकले होते. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत त्यांचं बोट सरकत गेलं, तसं त्यांचं हसू गेलं. मग त्यांनी ताईंची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. धाकटीने भडाभडा सांगितलं, टाके सुकलेत, जेवण जातंय, डॉक्टर म्हणतात धोका टळला.

काकांनी फोटो गोळा करून उलटे ठेवले. "कॅमेरा ऑटोवर टाक," ते म्हणाले.

"पण काका, तुम्हीच तर..."

"बायकोच्या वेळी मी रोज मोजत बसलो होतो. मोजून काही थांबत नाही, पोरी. तिच्याशी बोलायचं तेवढं राहून गेलं."

धाकटी घरी कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून वेणी घालणं, अभ्यास घेणं, रागावणं, सगळं ताईने केलं होतं. ताईशिवाय एक दिवस कसा जातो हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. तिने ताईच्या काखेत हात घातला आणि तिला त्या खोलीतून उठवून पुढच्या खोलीत आणलं. मी काय कपाट आहे का इकडून तिकडे हलवायला, असं ताई कुरकुरली. पण आरामखुर्चीत बसल्यावर खूश झाली. कित्येक दिवसांनी तिला रस्ता दिसत होता. भर दुपारचं ऊन खिडकीतून थेट तिच्या मांडीवर पडलं होतं, आणि एवढ्या उन्हात काय यायचंय, असं धाकटीने स्वतःला बजावलं.

"थांब, तुझा एक छान फोटो काढते," ती म्हणाली. स्टँड आणला, चकती ऑटोवर फिरवली आणि बटण दाबलं.

खट्.

शटर उघडल्याचा आवाज आला. मिटल्याचा आला नाही.

ताईची बडबड चालूच होती. समोरच्यांनी दार हिरवं रंगवलं की काय, पोस्टमन किती म्हातारा झाला... तिने मान वळवून बाहेर पाहिलं, पोस्टमनला हात केला, पुन्हा इकडे वळून हसली. धाकटी मनात आकडे मोजत होती. सात. आठ. नऊ. उन्हात कॅमेऱ्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, एवढा वेळ तो मिट्ट काळोखातच घेतो. अकराला दुसरा खट् झाला.

पडद्यावर फोटो उमटला. खोली लख्ख उजळलेली होती. पंख्याच्या वाऱ्याने हलणारा खिडकीचा पडदा फोटोत नुसता पांढरट धूर झाला होता. रस्त्यावरचा पोस्टमन तर कुठेच नव्हता. अकरा सेकंदांत हलतं-बोलतं माणूस पुसलं जायचंच.

ताई पुसली गेली नव्हती. तिच्या कपाळावरची आठी न् आठी दिसत होती, भुवईचा केस न् केस दिसत होता. मान सरळ, ओठ मिटलेले, दोन्ही हात मांडीवर.

"कशी आलेय गं?" खुर्चीतून ताईने विचारलं. बाहेरच्या कुणाला तरी ती अजून हात हलवत होती.

धाकटीने कॅमेरा छातीशी धरला.

"छान आलीयेस, ताई... अगदी स्पष्ट."