नकाशा नसलेलं गाव

मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते एका साप्ताहिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचे आणि प्रत्येक खेळाला दहापैकी गुण द्यायचे, म्हणून कचेरीतल्या कुणीतरी त्यांना मास्तर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गुण देण्यात त्यांचा हात आखडता. दहापैकी नऊ त्यांनी आजवर दोनदाच दिले होते आणि त्यातल्या एकाबद्दल त्यांना अजून पस्तावा व्हायचा.

‘धुक्याची वेस’ हा खेळ त्यांच्याकडे आला तो संपादकबाईंच्या फोनसकट.

“जुन्या धाटणीचा आहे,” बाई म्हणाल्या. “एका माणसानं एकट्यानं नऊ वर्षं बसून केलाय. निम्मे लोक डोक्यावर घेतायत, निम्मे शिव्या घालतायत. मला एवढंच सांगा, दोष जड की गुण जड?”

“आणि दोन्ही सारखे निघाले तर?”

“सारखे कधीच नसतात, मास्तर. एक पारडं खाली जातंच.”

पहिल्या तीन दिवसांतच वहीची दोन पानं दोषांनी भरली. खेळणाऱ्यानं एक प्रवासी व्हायचं, डोंगरावरच्या गावात फिरायचं, माणसांशी बोलायचं, वाटेत लांडग्यांशी लढायचं. पण तो प्रवासी चालायचा असा, की जणू काठोकाठ भरलेली वाटी त्याच्या हातात आहे. लढाईत एक वार आपण करायचा, मग शत्रूची वाट बघायची. दोन भिडस्त माणसं दारात एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत उभी असावीत तसं. खेळ जपून ठेवायचा, म्हणजे ‘सेव्ह’ करायचा, तर पार सराईपर्यंत जाऊन झोपावं लागे. वाटेत लांडग्यानं गाठलं की अर्ध्या तासाच्या कष्टावर पाणी. आणि सगळ्यावर कडी म्हणजे नकाशाच नव्हता. सारख्या दिसणाऱ्या दगडी गल्ल्या, सारखीच दारं.

गुणांच्या पानावर त्यांनी एकच शब्द लिहिला होता. धुकं.

ते कौलांवरून हळूहळू उतरायचं, गल्लीच्या तोंडाशी थबकायचं आणि मग, जणू कुणी बोलावल्यासारखं, आत शिरायचं. दगडावरचं पाऊल वेगळं वाजायचं, ओल्या लाकडावरचं वेगळं. खेळ बंद केल्यावरही तो आवाज बराच वेळ कानात राहायचा. चहा गाळताना मास्तर मध्येच थांबून ऐकत राहायचे.

ते खेळायचे दुपारी, बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर, खिडकीचे पडदे अर्धे ओढून. शेजारच्या आरामखुर्चीत आई बसलेली असायची. आईनं बत्तीस वर्षं टपालकचेरीत पत्रं लावायचं काम केलं होतं. अर्धवट पत्त्याचं पाकीटसुद्धा ती बरोबर खणात टाकायची, असा तिचा लौकिक होता. गेल्या वर्षापासून मात्र तिचं डोकं तिला दगा देत होतं. स्वयंपाकघर समजून ती न्हाणीघरात शिरायची आणि तिथं भांडी शोधत उभी राहायची. मास्तर हात धरून तिला बाहेर आणायचे. “हे आपलं घर नाही,” ती अवघडून म्हणायची, “आपण निघूया का?”

चौथ्या दुपारी मास्तर एका बोळात अडकले होते. चाळीस मिनिटं झाली, त्याच विहिरीपाशी तिसऱ्यांदा आले. आई मटार सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, “सरळ काय जातोस सारखा? विहिरीच्या डावीकडं वळ. पायऱ्या आहेत.”

मास्तर हसले. मग सहज डावीकडे वळले.

धुक्यात एक पायरी दिसली. मग दुसरी. मग वर जाणारा अख्खा जिना.

“बघ,” आई म्हणाली आणि तिनं आणखी एक शेंग फोडली.

मास्तर काही भोळसट नव्हते. तिनं पडद्यावर आधी काहीतरी पाहिलं असेल, बत्तीस वर्षं पत्ते वाचून गल्ल्यांची ठेवण हाडात मुरली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत नवीन पान घेतलं. आधी आईला विचारायचं, ती सांगेल ते लिहायचं, मगच पुढे पाऊल टाकायचं.

“या दारामागं काय आहे गं?”

“सुताराचं घर. तो घरात नसतो. कुत्रं आहे, चावत नाही.”

सुतार नव्हता. कुत्रं होतं. ते चावलं नाही.

दोन दिवसांत त्यांनी असे अकरा प्रश्न विचारले. अकराच्या अकरा उत्तरं बरोबर. परीक्षेत कुणाला पैकीच्या पैकी मिळाले की मास्तरांना पहिला संशय कॉपीचा यायचा. इथं कॉपी करणार कुठून?

त्यांनी संपादकबाईंना फोन लावला. बाईही तोच खेळ खेळत होत्या. “विहिरीच्या डावीकडे जाऊन बघा जरा,” मास्तर म्हणाले.

पलीकडून खेळातली पावलं वाजल्याचा आवाज आला. “भिंत आहे, मास्तर.”

“नीट बघा.”

“नीटच बघतेय. दगडी भिंत आहे, वर शेवाळ आहे. तुमचा चष्मा बदला.”

पण मास्तरांचं लक्ष तोवर वेगळ्याच गोष्टीकडे लागलं होतं. खेळ चालू असला की आई पहिल्यासारखी असायची. हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं होतं. पडद्यावर धुकं उतरलं की तिचा चेहरा उजळायचा, वाक्यं पूर्ण व्हायची. शाळेच्या नाटकात त्यांना झाडाचं काम मिळालं होतं आणि झाड मध्येच शिंकलं होतं, ही गोष्ट तिनं सगळ्या बारकाव्यांसकट सांगितली. सांगताना ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. वर्षभरात ती त्यांना ‘बंड्या’ म्हणाली नव्हती. आता दुपारभर बंड्या बंड्या चालायचं.

“बंड्या, त्या घराला निळी टपालपेटी आहे बघ. तिथली बाई पत्राची वाट बघत बसते.”

“तुला कसं माहीत?”

“अरे, मलाच माहीत नसेल तर कुणाला?” ती म्हणायची.

त्या दुपारी कशा सरायच्या ते मास्तरांना कळायचं नाही. उन्हाची पट्टी जमिनीवरून भिंतीवर चढायची. आईचा आवाज, पावलांचा आवाज, मध्येच डुलकी. जाग आली की प्रवासी भलत्याच गल्लीत उभा असायचा आणि हातातलं बटण त्यांनी दाबलंय की नाही, हे त्यांना सांगता यायचं नाही. परीक्षणाची तारीख उलटली. त्यांनी आणखी आठवडा मागून घेतला.

त्यांची धाकटी बहीण दंतवैद्य होती आणि दर रविवारी यायची. त्या रविवारी तिनं त्यांना स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

“दादा, आईनं मला ओळखलं नाही.”

“अधूनमधून होतं तसं.”

“अधूनमधून नाही. मागच्या रविवारी माझं नाव विसरली होती. आज मी तिची कुणी लागते, हेच तिला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले होते, हे सावकाश होईल. हे सावकाश आहे?”

“दुपारी खेळ लावला की ती छान असते,” मास्तर म्हणाले. “तू दुपारची ये. झाडाची गोष्ट सांगितली तिनं, शिंकेसकट.”

बहिणीनं विचारलं, “आणि खेळ बंद केल्यावर?”

खेळ बंद केल्यावर काय होतं, ते मास्तरांनी पाहिलं होतं, पण वहीत लिहिलं नव्हतं. दर संध्याकाळी आई आदल्या संध्याकाळपेक्षा थोडी कमी परत यायची. काल तिला चमचा म्हणजे काय ते आठवत नव्हतं.

त्यांनी खेळ बनवणाऱ्या माणसाला पत्र लिहिलं. डाव्या हाताच्या पायऱ्या, सुतार, कुत्रं, निळी पेटी, सगळं. उत्तर म्हणून दोन दिवसांनी थेट फोनच आला. आवाज तरुण होता, पण थकलेला.

“तुम्ही म्हणता त्या पायऱ्या मी केलेल्या नाहीत,” तो म्हणाला. “नऊ वर्षं मी त्या गावात चाललोय. तिथे भिंत आहे.”

“मग मी काय बघतोय?”

“पायऱ्यांच्या वर घर आहे का? हिरव्या दाराचं?”

“अजून तिथवर पोचलो नाही. आई आधी दुसऱ्याच गल्ल्या दाखवते. पण म्हणते, आहे.”

“वरच्या खिडकीत कुणी दिसतं?”

“नाही.”

“मग तिथवर जाऊ नका,” तो म्हणाला. आणखी काही विचारायच्या आत त्यानं फोन ठेवून दिला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

मास्तरांनी दोन दिवस खेळ लावला नाही. आई आरामखुर्चीत बसून टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघायची. बोलली नाही, जेवली नाही. पाणी पाजलं तर ओठांच्या कडेनं ओघळायचं. तिसऱ्या दुपारी मास्तर वही घेऊन तिच्याशेजारी बसले. एका पानावर त्यांनी दोष लिहिले, दुसऱ्यावर गुण. आयुष्यभर हेच केलं होतं. दोषांची यादी लांबलचक झाली. गुणांच्या पानावर एवढंच होतं, की ती बंड्या म्हणते.

त्यांनी खेळ लावला.

“किती उशीर केलास,” आई लगेच म्हणाली. “चल, आता सरळ वर.”

प्रवासी पायऱ्या चढू लागला. भरलेली वाटी सांभाळल्यासारखा, एक एक. धुकं इतकं दाट होतं की पडदा कोरा कागद वाटत होता. मास्तरांना झापड येत होती. आई शेजारून पायऱ्या मोजत होती, आणि प्रत्येक आकड्याबरोबर तिचा आवाज तरुण होत होता.

वर हिरवं दार होतं.

“थांब इथंच,” आई म्हणाली. “आता मी जाते.”

“आई, कुठं जातेस?”

“घरी. तुझं घर चांगलंय रे, पण माझं तिथं कशावर नाव नाही. इथं मला सगळं सापडतं.”

“मी पण येतो.”

“तू कसा येशील? तुला वाट कुठं माहितीये?” ती हसली. तिनं हात लांब करून त्यांच्या गालाला लावला. हात उबदार होता. “दार ढकल, बंड्या. मला जोर नाही पुरत.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

बटण दाबलं.

दार उघडलं. आत अंधार होता, मग दिवा लागला. प्रवासी बाहेरच उभा होता. आत जाणारी पावलं मात्र वाजत होती, लाकडावर, हळूहळू, एका बाईची.

मग दार मिटलं.

मास्तरांनी वळून पाहिलं. आई आरामखुर्चीत नीट बसली होती. डोळे उघडे, श्वास चालू. गालावरचा हात तिनं काढून घेतला आणि परक्या माणसाला चुकून धक्का लागावा, तशी ओशाळून पदराशी धरला.

“माफ करा हं,” ती म्हणाली.

त्यानंतर आईची प्रकृती सुधारली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. ती जेवू लागली, झोपू लागली, न्हाणीघरात भांडी शोधेनाशी झाली. आठवण मात्र कसलीच उरली नव्हती. ती सगळ्यांशी अदबीनं बोलायची, धाकटीला ‘डॉक्टरबाई’ म्हणायची आणि मास्तरांना ‘अहो’. घरात पाहुणीसारखी, कुणालाही त्रास न देता राहायची.

मास्तरांनी परीक्षण लिहून दिलं. त्यात चालण्याचा वेग होता, सराईचा त्रास होता, धुकं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, की गुण जड आहेत, पण ते कुठल्या पारड्यात आहेत हे खेळताना कळत नाही. संपादकबाईंनी ते वाक्य तसंच छापलं. दहापैकी गुणांची जागा मात्र मास्तरांनी कोरी ठेवली होती. बाईंनी तिथं आपल्या मनानं सात घातले.

महिन्याभरानं वाचकांची पत्रं आली. बहुतेक नेहमीचीच, भांडकुदळ. एक मात्र एका शाळामास्तरीणबाईंचं होतं, खऱ्याखुऱ्या. त्यांनी शांतपणे, मुद्देसूद लिहिलं होतं. आपल्या परीक्षणात एक दोष राहून गेला आहे. विहिरीच्या डावीकडच्या पायऱ्या चढून गेलं, की हिरव्या दाराच्या घरात वरच्या खिडकीत एक म्हातारी बाई असते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारून सांगते, “माझा मुलगा खाली थांबलाय, त्याला वर पाठवा.” त्यावर काहीही करायची सोय खेळात दिलेली नाही. मुलगा शोधून सापडत नाही, तिला उत्तर देता येत नाही. आमच्या शाळेतले सगळेच तिथे अडकले आहेत. निदान तिला थांबवायची तरी सोय हवी होती.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. मग पडदे अर्धे ओढले आणि खेळ लावला.

विहिरीच्या डावीकडे भिंत होती.

ते उजवीकडून गेले, मागून गेले, सराईत झोपून उठून पुन्हा आले. भिंत होती. दगडी, वर शेवाळ. ते तिला धडका देत राहिले. प्रवासी जागच्या जागी चालत राहिला, दगडावर पावलं वाजत राहिली, उन्हाची पट्टी भिंतीवर चढली.

शेजारच्या आरामखुर्चीतून आई बराच वेळ हे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ती किंचित पुढे झुकली.

“फार वेळ झाला तुमचा,” ती काळजीनं म्हणाली. “कुणाचं घर शोधताय?”