पोचल्याचा मिस्ड कॉल

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ग्राहक दोन प्रकारचे असतात. नवी आवृत्ती येणार म्हटल्यावर शिव्या देणारे, आणि ती वापरून बघून मग शिव्या देणारे. तिसऱ्या प्रकारचा ग्राहक मला एकदाच मिळाला.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं ऑफिस. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून कोकणात ट्रकनं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, पोचवणाऱ्या शिवशरणअण्णांसाठी आम्ही २००३ साली एक प्रोग्रॅम लिहिला. तेव्हा सगळा कारभार मिस्ड कॉलवर चालायचा. माल उतरवला की ड्रायव्हर अण्णांच्या ऑफिसच्या नंबरला एक रिंग देऊन फोन कापायचा. प्रोग्रॅम नंबर ओळखून खेपेपुढे 'पोचला' असं लिहायचा आणि ड्रायव्हरच्या घरी तसा एसएमएस धाडायचा. ही दुसरी कल्पना अण्णांची. "न्हाईतर बायका हितं फोन करून डोस्कं खात्यात," हे त्यामागचं तत्त्वज्ञान.

२००५च्या पावसाळ्यात सिद्धराम नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक गगनबावड्याच्या खालच्या घाटात दरीत गेला. शोध दुसऱ्या दिवशी सुरू झाला, कारण आदल्या संध्याकाळी त्याचा मिस्ड कॉल वेळेवर आला होता. त्या घाटात रेंज नव्हती, हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. ट्रक सापडला. केबिनमध्ये त्याचा मोबाइल सापडला, पाण्याने भरलेला. सिद्धराम सापडला नाही.

मिस्ड कॉल मात्र रोज येत राहिला.

नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल, असं मी म्हणालो. मोबाइल कंपनी म्हणाली, नंबर बंद आहे. प्रोग्रॅममध्ये घोळ असेल, असं अण्णा म्हणाले. घोळ कायम असतोच, तो काढण्यावर माझं घर चालतं. पण मी स्वतः अण्णांकडे जाऊन कॉल टिपणाऱ्या मोडेमसमोर बसलो तेव्हा दिवा लुकलुकला, एकदा रिंग वाजली आणि थांबली.

सिद्धरामची बायको चन्नम्माबाई कागलात राहायच्या. घरचे म्हणत, आता विधी उरकून घेऊ. बाई म्हणत, पोचल्याचा मेसेज येतोय, विधी कुणाचा करता? शेवटी त्यांच्या दिरानं अण्णांना गाठलं आणि अण्णांनी मला.

"सायेब, त्येवढा मेसेज बंद करा. बाई ना हिकडं ना तिकडं, मधीच लटकून ऱ्हायलीया."

वेळ सोयीची होती. मोबाइलवर आता छोटे प्रोग्रॅम चालायला लागले होते आणि मिस्ड कॉल तसाही काढून टाकायचाच होता. नव्या आवृत्तीत ड्रायव्हरनं पडद्यावर 'पोचलो' दाबायचं, खाली शेरा लिहायचा. त्यासाठी प्रत्येकाला नवा हँडसेट, नवा पासवर्ड. सिद्धरामचं नाव मी त्यात घातलं नाही.

कुठून तरी कळून चन्नम्माबाई आमच्या ऑफिसात आल्या.

"पावणं, तुमीच बंद करनार व्हय?"

"बाई, जुनं तंत्र आता चालत नाही."

"मग त्यास्नी नवं शिकवा की."



नवी आवृत्ती सुरू झाली त्या दिवशी सगळे ड्रायव्हर वैतागले. कृष्णात नावाच्या ड्रायव्हरनं हँडसेट अण्णांच्या टेबलावर आपटला. "अण्णा, ह्यो डबा तुमी चालवा. मी आपला टरक चालिवतो." संध्याकाळपर्यंत एकालाही 'पोचलो' दाबणं जमलं नाही.

मग माझ्या पडद्यावर एक ओळ उमटली. सिद्धराम. पोचलो.

पहिल्याच प्रयत्नात, विनातक्रार.

शेऱ्याची चौकटही भरलेली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'घरी आलोय. कोन न्हाई.'

दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच मी कागल गाठलं. दीर बाहेरच्या सोप्यात बसून होते. चन्नम्माबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चुलीवर काहीतरी रटरटत होतं. आदल्या संध्याकाळचा मेसेज शेऱ्यासकट त्यांच्याही मोबाइलवर आला होता.

"घरी आलोय म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "मी तर हितनं हलले न्हाई."

माझ्या हँडसेटवरून ड्रायव्हरला निरोप धाडायची सोय होती.

"इचारा, कुठं हायसा म्हनून."

मी विचारलं. न विचारण्याचं कारण मला सुचलं नाही.

उत्तर लगेच आलं. मी वाचून दाखवलं.

'सैपाकघराच्या दारात.'

दीर उठून उभे राहिले.

पाठोपाठ दुसरं आलं.

'चन्नम्माला हाक मारा. दिसंना कुठं.'

चन्नम्माबाई पदर सावरून नुसत्या जराशा बाजूला सरकल्या. दार अरुंद होतं.