तेरड्याचा लाल वाफा

तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. पण या रावजीनं सांगितलं म्हणजे ते घडलेलंच असतं. हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

आपण जिच्या गेटाबाहेर बसलोय ना, त्याच बागेतली गोष्ट. बारामतीतली ही कालव्याकाठची बाग. दर हंगामाला इथे एकाच रंगाची फुलं. थंडीत पिवळा झेंडू, उन्हाळ्यात पांढरी सदाफुली, पावसाळ्यात लाल तेरडा. जुनं उपटायचं, नवं लावायचं. हे काम पिंपळीच्या महिपतीचं.

गेल्या थंडीत, भर दुपारी, त्याला झेंडूत एक रिकामी जागा दिसली.

माणसाच्या लांबीची.

त्यानं तिथे पुन्हा रोपं लावली. सकाळी येऊन पाहतो तर... रोपं कडेला ओळीनं निजवलेली. मुळं धुतलेली. मातीचा कण नाही.

उन्हाळ्यात सदाफुलीतही तेच. फक्त जागा लिंबाकडं सरकलेली.

त्या लिंबाखाली त्याची बायको प्रयागबाई भाकरी घेऊन यायची. तो जेवेपर्यंत जरा आडवी व्हायची. त्या दिवशीही झाली. तिचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला.

महिपतीनं तिच्याकडं पाहिलं. मग वाफ्याकडं.

रिकाम्या जागेचाही उजवा पाय... आत वळलेला.

हातातली भाकरी त्यानं खाली ठेवली.

"उद्यापास्नं हितं यायचं न्हाय. लेकीकडं जा, इंदापूरला."

"का वो? माजी भाकर कडू लागाया लागली व्हय?"

"जा म्हंतो न्हवं!"

गेली बिचारी रुसून.

पावसात तेरडा लावला. महिपती रोज वाफ्याशी उकिडवा बसून राही. या खेपेला सगळी रोपं धरली. वाफा गच्च भरला. रिकामी जागा कुठंच नाही! किती महिन्यांनी गडी हसला. बायकोला आणायला निघाला, तोच लेकीचा फोन.

"अण्णा, आई वट्यावर बसली हुती. चपला हितंच हायत... आई न्हाय."

पोलीस झाले, देवरुषी झाला. काही नाही.

मग तो कुदळ घेऊन वाफ्याशी उभा राही. खणायचा धीर होईना. काही निघालं तर? आणि नाहीच निघालं तर?

हंगाम काय थांबतो? आज सकाळी झेंडूची रोपं आली. मुकादम म्हणाला, "तेरडा उपटाय घे."

महिपतीनं हात जोडले. "दुसऱ्या कुणाला तरी सांगा, सायेब."

"दुसरं हाय कोण?"

बसला. पहिलं रोप धरलं. ओढलं.

येईना.

पुन्हा ओढलं... आणि खालून प्रयागबाईनं ते हळूच आपल्याकडं...

"काय थापा मारताय, आबा!" दुधाची किटली घेऊन आलेली चहावाल्याची सून सुप्रिया फिदीफिदी हसली. "प्रयागकाकू आत्ताच गेटात भेटल्या मला. भाकर घिऊन आत चालल्या हुत्या. अनवाणी का, म्हणून इचारलं, तर म्हंत्यात, चपला इंदापुरात ऱ्हायल्या."