कोब्याखालची वल

मोबाईल ठिवा खाली. आन् हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या रे, मंग न्हाई हसायचं.

देवगाव फाट्याचे दिनकरराव माझे सोयरे. पौषातल्या अमावस्येला ते सकाळीच सेलूला गेले, खाली चिटकवायची मॅट आणायला. नात सात महिन्यांची, नुकती रांगायलाय. तिला थंडीत खालून गार लागू नये, एवढंच मनात. तिची आई राजेश्री, म्हंजी दिनकररावाची सून, घरातच मागच्या खोलीत वारली. पाचवीच्या राती. तवापासून म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या पोरीत.

त्याच खोलीचा सिमेंटचा कोबा नुकताच नव्यानं केलेला. मॅटवाल्या भुजंगनं खाली हात लावला.

"दादा, खोली वली हाय अजून. महिनाभर दम धरा. वल कोंडली का मॅट फुगती."

दिनकररावाची बायको पार्वतीबाई दारातूनच बोलली, "वल सिमेटाची न्हाई बाबा. वली बाळंतीण गेलीय हितं."

"गप बस! कायबी बरळती!" दिनकरराव खेकसले. मॅट त्याच दिवशी चिटकली.

रातच्याला पोरीला कुशीत घेऊन ते तिथंच झोपले. मध्यरात्री कूस बदलली, हात लांबवला...

पोर न्हाई.

लाईट गेलेली. उठून पाऊल टाकलं. मॅट फुगलेली. पायाखाली पाणी चुबुक चुबुक करायलं.

"आगं, पोर तुह्याकडं हाय का?"

"न्हाई वं! काहून?" पार्वतीबाई पलीकडच्या खोलीतून वरडली.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज. बारीक. चुटूचुटू... पोर आईला प्यायल्यावानी.

दिनकररावानं अंधारात हळूच हाक दिली.

"राजेश्री...?"

आवाज थांबला.

"तिला नेऊ नको गं माय... आमच्या जिवाला तेवढाच आधार हाय..."

म्हातारा चाचपडत कोपऱ्याकडं सरकला.

मंग पोर खुदकन हसली. म्हाताऱ्यानं अंधारातच तिला उचललं आन् छातीशी धरून बाहेर पळाला. रातभर दोघं नवराबायको तिला घेऊन ओसरीवर बसून ऱ्हायले.

उजाडल्यावर भुजंगला बोलावलं. त्यानं मॅट उखडली. खाली सगळा कोबा पाण्यानं निथळायला. पोर सापडली तो कोपरा तेवढा कोरडा. मांडी घालून बसलेल्या बाईएवढा.

दिनकरराव खाली वाकले, त्या जाग्यावर हात ठिवला. पौषातली थंडी, बाकी कोबा बर्फावानी गार...

तेवढी जागा ऊन लागत होती. कोणी आत्ताच उठून गेल्यावानी.