पिवळा रुमाल

मी कालव्याकाठच्या फळीवर बसून चादरी पिळत होते, तेवढ्यात एक निमुळती होडी थेट माझ्या टोपलीवर येऊन आदळली. बाबांचा सदरा पाण्यात!

“डोळे फुटले का हो?”

“शाबूत आहेत... पण पाठीला नाहीत ना!” तो ओशाळून हसला. “शर्यतीत आम्ही पाठमोरेच पुढे जातो.”

“मग सरळ जाता तरी कसे?”

“मागे राहिलेली एखादी खूण धरायची. झाड, खांब... नाहीतर पिवळा रुमाल.”

तो माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघत होता. मी पिळलेलीच चादर पुन्हा पिळली.

त्याचं नाव ओडिलोन, गेंट शहरातल्या सूतगिरणीत तो कारकून होता. मग रोज संध्याकाळी त्याची होडी आमच्या पुलाखाली रेंगाळायला लागली. जहाजं आली की पूल उघडून देणारे रखवालदार म्हणजे माझे बाबा. एकदा ते वरूनच गरजले, “ए वल्हेवाल्या! रविवारची शर्यत जिंकलास तर कॉफीला ये. हरलास तर इकडे फिरकू नकोस!”

शर्यत आमच्या पुलापासूनच सुटायची.

“लीव, तू इथेच उभी राहा,” ओडिलोन म्हणाला. “काही झालं तरी हलू नकोस.”

“नाही हलणार... शप्पथ.”

पिस्तूल वाजलं. तो पुढे होता, चांगला दोन होड्या पुढे! मग निळ्या सदऱ्यातला एक वल्हेवाला त्याला गाठायला लागला आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. शपथ गेली उडत. मी काठाकाठाने धावत सुटले. “ओडिलोन! जोर लाव!”

त्याची होडी वळली. आणखी वळली... आणि पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन रुतली.

पूल ओलांडून मी पोचले, तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा होता. मला रडूच फुटलं. “मीच घात केला! पण तुला दिसत होते ना मी धावताना? मग पूल होता, चर्चचा मनोरा होता... दुसरी खूण धरायचीस ना!”

“होतं का तिथे दुसरं काही?” तो हळूच म्हणाला. “मला... तूच दिसत होतीस, लीव. त्या दिवसापासून तूच दिसतेस.”

मागून बाबा धापा टाकत आले. आता संपलं सगळं, असं वाटलं मला. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तीस वर्षं पूल उघडतोय. दारू पिऊन आदळलेले पाहिलेत, झोपेत आदळलेले पाहिलेत. हा नमुना पहिलाच,” ते म्हणाले. “चल रे, पाय धुऊन घे. कॉफी गार होतेय.”

पुढे ओडिलोनने पुष्कळ शर्यती मारल्या, पार परदेशात जाऊनसुद्धा. कपाट बक्षिसाच्या पेल्यांनी भरलंय. लोक विचारतात, जिंकताना कसा दिसायचा हो तो?

मला काय ठाऊक! प्रत्येक वेळी मी सुरुवातीच्या रेषेवरच उभी असायचे, रुमाल बांधून, पाय घट्ट रोवून. तो लांब लांब जायचा... माझ्याकडे बघत.