मेलेला हलत नाही

“मेलेला हलत नाही, एल्मर! पापणीसुद्धा नाही!”

गावाचं नाटक बसवणाऱ्या पुरिताबाईंचा तो पत्र्याच्या कर्ण्यातला आवाज... बाई जाऊन वर्षं लोटली. पण सप्टेंबर उजाडला, चौकातली ती काळी लोखंडी पाटी धुऊन-पुसून तिला हार घातला, की नेलीताला तो अजून ऐकू यायचा.

घरोघरी मुरवली जाणारी ‘बासी’ ही उसाची दारू स्पॅनिश सरकारनं बंद केली, म्हणून १८०७ साली इथले लोक उठले — असं पाटीवर होतं. शेवटी ते हरले, हेही होतं. गावाच्या नाटकात मात्र ते नव्हतं; नाटक जिंकण्यापाशीच थांबायचं! बंडखोर झालेली नेलीता लाकडी कोयत्यानं स्पॅनिश कप्तानाला लोळवायची, तो पाटीखाली मरून पडायचा, ती त्याच्या छातीवर कोयता टेकवून उभी राहायची... आणि महापौरांचं भाषण सुरू व्हायचं. ते संपलं की तिनंच ‘ऊठ’ म्हणायचं. तोवर प्रेतानं पडून राहायचं.

शाळेपासून मारणारी नेलीताच आणि कप्तान एल्मरच. तसं धारदार नाक गावात दुसरं नव्हतं. एम्पानाडाच्या तिखट करंज्या तळणाऱ्या बायका त्याला पाहिलं की झारा वाजवत गायच्या —

नाक बाई नाक, जणू घंटेचा मनोरा,
दरसाल मरतो, तरी ताजा नवरा!

आजही भाषण सुरू झालं आणि ओठ न हलवता प्रेत बोललं,

“जोरात मारलंस गं.”

“प्रेतानं तक्रार करू नये.”

“नाकावर माशी बसलीय. हाकल ना.”

“जागा पुष्कळ आहे. तिच्या मैत्रिणीही येऊ देत.”

कप्तानाची छाती हसण्यानं हलली, तिच्यावरचा कोयताही.

“नेली...”

“हं?”

“संध्याकाळी हवाईहून काकांचा फोन येणारे. तिथल्या मळ्यात काम मिळतंय. हो की नाही, आजच सांगायचंय.”

कोयता थांबला.

“मग म्हण की हो. तिकडे नाकांचा तुटवडा असेल.”

“म्हणू?”

“मला काय विचारतोस? मी तर तुला मारणारी.”

“म्हणून तर विचारतोय.” त्याचे डोळे मिटलेलेच. “बाबांचा ऊस आहे, बासीचे रांजण आहेत. राहायला सगळं आहे. फक्त ‘राहा’ म्हणणारं कोणी नाही.”

नेलीताच्या ओठांशी शब्द आले, घुटमळले, मागे फिरले... घाई कसली, तिनं मनाला समजावलं. महापौर अजून सोळाव्या शतकात होते.

आणि पावसाची सर आली. महापौरांनी आभाळाकडे पाहिलं, उरलेली शतकं एका वाक्यात उरकली, माईक पाटीवरच्या हारात खोचला आणि धूम ठोकली. सगळं गाव चर्चच्या पडवीत. चौकात उरले एक प्रेत, एक बंडखोर आणि भिजणारी पाटी.

तिनं डोक्यावरची, सुका दुधीभोपळा कोरून केलेली टोपी काढली आणि त्याच्या तोंडावर धरली. नाक तेवढं बाहेर राहिलं.

“भाषण संपलं. ऊठ म्हण ना.”

“थांब जरा...”

“नेली, पाणी कानात जातंय! माझं नाक बघून मला कप्तान करा, हे बाईंच्या डोक्यात ज्यानं घातलं ना, तो सापडू दे एकदा—”

“मी.” ती पाटीकडे तोंड फिरवत म्हणाली.

मी... मी... मी... मनोऱ्यावरच्या कर्ण्यातून शब्द गावभर घुमला.

नेलीता दचकली. माईक चालू होता! पडवीत बायकांचे झारे हवेतच थांबले. तिचा हात माईकच्या खटक्याकडे गेला... आणि थबकला. टोपीखालून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. पापणीसुद्धा न हलवता.

तिनं माईक हारातून काढला.

“मीच सांगितलं बाईंना,” ती म्हणाली, आता अख्ख्या गावासमोर. “मारणारीला भाषण संपेपर्यंत जवळ उभं राहता येतं ना... म्हणून.”

पडवीत कुणाचा तरी झारा खाली पडला.

“ऊठ, एल्मर. काकांना नाही म्हण. मला तू इथे हवायस... जिवंत.”